उशीला अभिनय येत नाही

काही माणसांना जात्याच गोड गळा असतो, काहींना जात्याच सर्दीचा त्रास असतो. चष्मेवालीला जात्याच मत्सर होता. निदान स्वतःपाशी तरी ती हे कधी लपवत नसे. थोरल्या भावाला नवी सायकल मिळाली तेव्हा तिला ताप आला होता, आणि तो खरा ताप होता, डॉक्टरांनी बघितला होता. शाळेत शेजारच्या मुलीचा दात हिच्या आधी पडला, तर हिने आपला चांगला घट्ट दात जिभेने ढकलून ढकलून हलवून ठेवला. आई म्हणायची, "हिला दुसऱ्याच्या ताटातलं मीठसुद्धा जास्त पांढरं दिसतं." बाबा काही म्हणायचे नाहीत. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही हे दिवसभर विचारून ते इतके दमत, की घरी आल्यावर त्या भानगडीत पडत नसत.

मानसशास्त्राकडे ती वळली तीही मत्सरापायीच. तिच्या मावसबहिणीने तो विषय घेतला होता, आणि चार नातेवाईक जमले की सगळे तिच्याभोवती कोंडाळं करायचे. "सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?" मावसबहीण डोळे बारीक करून काहीतरी ठोकून द्यायची आणि काका-मावश्या माना डोलवायच्या. हिच्या पोटात दुखायला लागलं. हिनेही तोच विषय घेतला. पुढे मावसबहीण सगळं सोडून विमा कंपनीत लागली आणि ही मागे राहिली. पण राहिली ती रमली. अभ्यासात तिला तोड नव्हती. कुठलं पुस्तक, कुठलं प्रकरण, कुणी काय म्हटलंय, सगळं तोंडपाठ. एम.ए.च्या पहिल्या वर्षी ती वर्गात पहिली आली.

वर्गाने तिला चष्मेवाली हे नाव ठेवलं ते दुकानामुळे. तिला स्वतःला चष्मा नव्हता. तिची नजर भलतीच तेज होती, विशेषतः दुसऱ्याकडे काय आहे हे पाहायची वेळ आली की.

आणि वर्गात पाहण्यासारखं एकच माणूस होतं. तिला सगळे उशी म्हणत.

उशी अंगाने काही गुबगुबीत नव्हती, उलट किडकिडीतच होती. पण ज्याला रडायचं असेल तो तिच्या खांद्यावर जाऊन रडायचा. कुणाचं प्रेम फिसकटलं, कुणाचा बाप संतापला, कुणाचा पेपर अवघड गेला, की पावलं आपोआप उशीकडे. ती फार काही बोलायची नाही. "हं," म्हणायची, "मग?" म्हणायची, आणि त्या दोन शब्दांवर माणूस हलका होऊन उठायचा. चष्मेवालीने एकदा घरी आरशासमोर तसं "हं" म्हणून पाहिलं. आईने आतून विचारलं, "घसा धरलाय का?"

मार्क चष्मेवालीला जास्त, पण माणसं उशीला. कॉलेजचा वॉचमनसुद्धा उशीला बघून खुर्चीतून उठायचा आणि हिला ओळखपत्र मागायचा. दोन वर्षं चष्मेवाली उशीला पाण्यात पाहत होती. उघडपणे कधी वाकडं बोलली नाही. बोलायचीच नाही, आणि तिच्याकडे बघायचं नाही असं दाखवत सतत तिच्याकडेच बघत राहायची.

आता या सगळ्यात पणाला काय लागलं होतं ते सांगायला हवं. विभागाच्या तळमजल्यावर एक खोली होती. तिथे एका दवाखान्याच्या मदतीने फोनसेवा चालायची. ज्यांना जगणं नकोसं झालंय त्यांनी फोन करावा आणि कुणीतरी ऐकावं, एवढंच तिचं काम. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर अनुभवी समुपदेशक बसायच्या आणि दुसरीवर दरवर्षी शेवटच्या वर्षाचा एकच विद्यार्थी. आधी नुसतं ऐकायचं, शिकायचं, आणि तयारी झाली की स्वतः फोन घ्यायचे. वर्गातल्या प्रत्येकाला ती खुर्ची हवी होती. चष्मेवालीला तर ती झोपेत दिसायची.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आत्महत्येबद्दल काय वाटतं, हा खरं तर चीड आणणारा प्रकार आहे. विचारून बघा, सगळ्यांची उत्तरं बरोबर. वर्गात कुणी ना कुणी प्रकल्पासाठी प्रश्नावली वाटायचं. याबद्दल बोललं तर धोका वाढतो का? नाही. जो बोलून दाखवतो तो तसं करत नाही, हे खरं का? साफ खोटं. हा भित्रेपणा आहे का? अजिबात नाही. सगळे भराभर बरोबर खुणा करायचे आणि तेच लोक कँटीनमध्ये जाऊन म्हणायचे, "हा प्रकल्प झाला नाही तर मी जीवच देतो बघ." मग हसायचे. वर्गात एक वादपटू होता, त्याला सगळे वकील म्हणत. माणसाचा स्वतःच्या जिवावर हक्क आहे की नाही, यावर तो चहा गार होईपर्यंत बोलायचा. त्याला स्वतःला इंजेक्शनची सुई दिसली तरी भोवळ यायची. आणि या सगळ्याच्या तळाशी एक समजूत होती, जी कुठल्याच प्रश्नावलीत विचारलेली नव्हती. हे दुसऱ्यांना होतं. आपण टेबलाच्या अलीकडे बसणारी माणसं, ज्याला दुखतंय तो पलीकडे.

विभागप्रमुख मॅडमना हे कळत होतं. म्हणून त्या एक गोष्ट घोकून घ्यायच्या. "शब्द उच्चारायचा. 'तुम्ही आत्महत्येचा विचार करताय का?' असं सरळ विचारायचं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. आधीपासून असेल तर बाहेर यायला वाट मिळते. आणि हो म्हणाला, तर एकटं सोडायचं नाही, गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही, मदत बोलवायची." हे चष्मेवालीने वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. पण तो शब्द मोठ्याने म्हणायची वेळ आली की तिची जीभ टाळूला चिकटायची. तिला वाटायचं, आयत्या वेळी जमेल.

खुर्ची कुणाला द्यायची हे सरावाच्या तासाला ठरणार होतं. सरावाची पद्धत अशी, की दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. एक जण फोन करणारा, एक जण ऐकणारा. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून इथेही दिसू द्यायचा नाही. फोन करणाऱ्याला मॅडम कानात एक भूमिका सांगायच्या आणि बाकी वर्ग समोर बसून बघायचा.

त्याच्या आधीच्या आठवड्यात उशीला दानशूरपणाचा झटका आला होता. आपली निळी, लाकडी मुठीची छत्री तिने वकिलाला देऊन टाकली. "तुझी नेहमी हरवते ना, ही घे." एकीला आपल्या सगळ्या नोट्स दिल्या, एकीला चांगला लोकरी स्कार्फ. वॉचमनला आपला छोटा रेडिओ दिला. सगळे खूश. उशीच ती, देणारच. चष्मेवालीने हे सगळं एकेक करून टिपलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. छत्री तिला नको होती. स्कार्फही नको होता. पण अख्ख्या वर्गाला काही ना काही मिळालं आणि आपल्याला साधी पेन्सिलही नाही, म्हणजे आपण तिच्या खिजगणतीतही नाही, हे तिला सहन होईना. आई म्हणाली, "अगं, तू तिच्याशी बोलतेस तरी का?" चष्मेवालीने ताट सरकवलं.

सरावाच्या दिवशी नेमकी हीच जोडी लागली. उशी फोन करणारी, चष्मेवाली ऐकणारी. तिला मनातून आनंदच झाला. आज उशीचं ते "हं" चालणार नव्हतं. आज ऐकायचं काम हिचं होतं.

मॅडमनी उशीच्या कानात भूमिका सांगितली. बदली होऊन नव्या गावी एकटी राहणारी कारकून बाई. दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. चष्मेवालीच्या समोर भिंत, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ.

"नमस्कार. मी ऐकतेय, बोला," चष्मेवाली म्हणाली. चांगली सुरुवात झाली होती.

"काही विशेष नाही," मागून उशीचा आवाज आला. "उगीचच फोन केला. ठेवू का?"

"नको, नको. बोला ना. आजचा दिवस कसा गेला?"

"चांगला गेला. माझे सगळेच दिवस चांगले जातात." उशी थोडी थांबली. "दिवसभर सगळ्यांशी नीट बोलते मी. घरी आले की बूट काढायचंसुद्धा जिवावर येतं. बूट घालूनच पलंगावर बसून राहते. आधी वाईट वाटायचं. आता वाईटही वाटत नाही, तेच जरा विचित्र वाटतं."

चष्मेवालीला पाठीमागून तो आवाज अंगाला लागल्यासारखा वाटत होता.

"तुमच्या जवळचं कुणी आहे का, ज्यांच्याशी बोलता येईल?"

"बोलतात की सगळे. माझ्याशी सगळे बोलतात." पुन्हा थांबून ती म्हणाली, "मी नसले तर थोडे दिवस त्यांना चुकल्यासारखं होईल. मग दुसरं कुणीतरी सापडेल. फार काही अडणार नाही."

आता विचारायचा प्रश्न एकच होता. चष्मेवालीला तो पाठ होता, पानासकट पाठ होता. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "म्हणजे... तसले काही विचार येतात का तुमच्या मनात?"

"कसले?"

"म्हणजे... जरा टोकाचे."

"कुठल्या टोकाचे?" मागच्या बाकावरून वकील पुटपुटला आणि वर्ग फिस्सकन हसला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. आणि टाळ्या सुरू झाल्या. उशीसाठी. एकीने तर डोळे पुसले. मॅडमनीही टाळ्या वाजवल्या. "कमाल केलीस हं. अगदी असंच बोलतात माणसं, असंच हळू." मग चष्मेवालीकडे वळून त्या म्हणाल्या, "शब्द टाळलास. तू घाबरलीस की समोरच्याला वाटतं, हिलाच झेपत नाही, हिला कशाला सांगू. निकाल सोमवारी देते."

निकाल काय लागणार हे आताच सगळ्यांना कळलं होतं. जाताना उशी तिच्याजवळ थांबली. "सॉरी हं, माझ्यामुळे तुझी पंचाईत झाली," म्हणाली आणि हसली. चष्मेवालीने पिशवीत काहीतरी शोधायचं नाटक केलं.

तिथून ती थेट दुकानात गेली. संध्याकाळी ती बाबांच्या हाताखाली काम करायची. दांड्यांचे स्क्रू बदलणं, नाकावरच्या गाद्या बसवणं, असलं बारीक काम. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची फ्रेम हातात घेऊन ती बसली आणि आतल्या आत धुमसू लागली. ऐकणारी म्हणून उशी चांगली, ते एक झालं. आता बोलणारी म्हणूनही तीच चांगली. माणसाने दुसऱ्याला काहीतरी सोडावं की नाही? तिने उशीचं एकेक वाक्य पुन्हा आठवून पाहिलं. कुठे खोट सापडते का बघत होती. खोट सापडेना.

मग तिने आपलं नेहमीचं औषध काढलं. गेल्या वर्षी विभागाच्या कार्यक्रमात एक छोटी नाटिका झाली होती. उशीला त्यात पोलीस बाईचं काम होतं. दोन वाक्यं. दुसरं वाक्य तिने आधी म्हटलं, मग खांबासारखी उभी राहिली, मग स्वतःच हसली आणि प्रेक्षकांना "सॉरी" म्हणाली. इतकं वाईट काम त्या रंगमंचावर कुणी केलं नसेल. चष्मेवालीला त्या दिवशी शांत झोप लागली होती. तिने घरी आईला सगळं नक्कल करून दाखवलं होतं. तेव्हापासून तो प्रसंग तिने खडीसाखरेच्या खड्यासारखा जपला होता. मन कडू झालं की काढायचा आणि चघळायचा.

आताही तिने तो काढला. उशीला अभिनय येत नाही, ती स्वतःशी म्हणाली. मेलीला दोन वाक्यं बोलता येत नाहीत.

आणि हातातला पेचकस तसाच राहिला.

उशीला अभिनय येत नाही. मग आज दुपारी ती काय करत होती?

स्क्रू टेबलावरून घरंगळून खाली गेला. चष्मेवालीला छत्री आठवली, स्कार्फ आठवला, रेडिओ आठवला. आपल्या जपलेल्या वस्तू एकाएकी वाटून टाकणं. हे ज्या प्रकरणात होतं ते तिला पाठ होतं. वर्गातल्या सगळ्यांनाच पाठ होतं. ज्यांना वस्तू मिळाल्या ते खूश झाले, म्हणून त्यांना काही दिसलं नाही. जिला मिळाली नाही तीच तेवढी मोजत बसली होती. आणि सरावाच्या तासाला कुणी खरं बोलेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. सगळ्या वर्गाने, मॅडमसकट, टाळ्या वाजवल्या.

तिने उशीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

आता तिच्या मनात काय आलं ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर ही गोष्ट कुठल्यातरी संताची होईल आणि ती तशी नाही. तिच्या मनात आधी आलं ते असं, की हे मॅडमना सांगितलं तर उशीला खुर्ची मिळणार नाही. मला मिळेल. हा विचार आधी आला. पाठोपाठ दुसरा आला, की असं सगळेच म्हणतील. म्हणतील, हिने बरोबर डाव साधला. तिसरा आला, की आपलं चुकलं असेल तर जन्मभराचं हसं होईल. चौथा आला, की सोमवारी बघू. हा चौथा सगळ्यात सोयीचा होता आणि ती त्यावर थोडा वेळ टेकलीसुद्धा.

मग तिला वाटलं, सोमवारी आपण वर्गात आलो आणि तिची जागा रिकामी असली तर? दोन वर्षांत चष्मेवालीने वर्गात शिरल्यावर आधी कुठे पाहिलं असेल तर त्या जागेकडे. तिथे कुणी नसेल ही कल्पनाच तिला करवेना. ती उठली.

"फ्रेम अर्धी टाकून कुठे निघालीस?" बाबांनी विचारलं.

"मैत्रिणीकडे जाऊन येते," ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

उशी मामा-मामींकडे राहायची. मामा फिरतीवर होते. दार मामींनी उघडलं. हातात ओले कपडे, तोंडात चिमटा. चिमटा काढून त्या म्हणाल्या, "ये, ये. ती आत आहे. डोकं दुखतंय म्हणाली. आज अख्खं कपाट आवरलं बघ तिनं, मी न सांगता. आमच्या पोरांनी आवरलं असतं तर मी पेढे—" म्हणता म्हणता त्यांना चष्मेवालीचा चेहरा दिसला. "काय गं, काय झालं?"

"मामी, मी जरा तिच्याशी बोलते. तुम्ही कुठे जाऊ नका हं."

खोली लख्ख आवरलेली होती. टेबलावर काही नव्हतं. उशी पलंगावर बसली होती आणि तिच्या पायात बूट होते.

चष्मेवालीने वाटेत बरंच काही ठरवलं होतं. आधी चौकशी, मग हळूहळू विषय. ते बूट पाहिल्यावर सगळं विसरायला झालं. दुकानात कमी ऐकू येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायचा जो खणखणीत आवाज होता, त्या आवाजात तिने विचारलं, "तू आत्महत्येचा विचार करतेयस का?"

बाहेर बालदीचा आवाज थांबला.

उशीने मान वर केली. "हो," म्हणाली.

चष्मेवाली पलंगावर तिच्याशेजारी बसली. "आज?"

"माहीत नाही. आज, उद्या." उशीचा आवाज दुपारसारखाच होता, हळू. "तुला कसं कळलं?"

"तुला अभिनय येत नाही."

उशी हसली. हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती रडायला लागली. दोन वर्षांत उशीला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. तिला ते नीट जमतही नव्हतं, उचक्याच लागत होत्या. चष्मेवालीने तिचा हात धरला. हात थंड होता.

"कुणाला सांगू नकोस," उशी म्हणाली.

"सांगणार. मामींना आणि मॅडमना. आत्ता, तुझ्यासमोर."

"मॅडमना सांगितलंस तर ती खुर्ची..."

"माहितीये. मला मिळेल. सगळे म्हणतील हिनं काटा काढला. म्हणू देत." चष्मेवालीने तिचा हात सोडला नाही. "मी कशासाठी आलेय ते मलाही नीट माहीत नाही. पण आलेय आणि आता जाणार नाही."

मामी दारात येऊन उभ्या होत्या. "अगं, काहीतरीच काय बोलताय दोघी?" त्या म्हणाल्या. "हिला काय कमी आहे? असलं अभद्र तोंडातून काढू नये." पण त्या बोलत बोलत आत आल्या, भाचीसमोर खाली बसल्या आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. गाठ बसली होती. ती त्यांनी दातांनी सोडवली. मग दोन्ही पाय मांडीवर घेऊन त्या तशाच बसून राहिल्या आणि तिथून हलल्या नाहीत.

मॅडम फोनवर म्हणाल्या, "निघाले. डॉक्टरांनाही कळवते. तिला एकटं सोडू नकोस." यायला वेळ लागणार होता. मधला वेळ भरायचा होता. चष्मेवालीने पाठ असलेली सगळी वाक्यं वापरली. हे वाटणं कायमचं नसतं. यावर उपचार आहेत. तू एकटी नाहीस. उशी प्रत्येकाला "हं" म्हणत होती. ही वाक्यं तिलाही पाठ होती.

शेवटी वाक्यं संपली. चष्मेवालीच्या मनात जे आठवडाभर सलत होतं तेवढंच उरलं होतं. ती म्हणाली, "एक विचारू? सगळ्यांना काही ना काही दिलंस. मला का नाही दिलंस?"

उशीने डोळे पुसले. "खूप विचार केला. पण माझ्याकडचं तुला काही आवडत असेल असं वाटलंच नाही. तू माझ्याकडे बघायचीही नाहीस."

"मी?" चष्मेवाली म्हणाली. "मी दुसरीकडे कुठे बघत होते?"

आणि मग तिचा बांध फुटला. दोन वर्षांचा मत्सर तिने त्या पलंगावर ओतला. तुझं ते "हं" मला हवं होतं. मी आरशासमोर म्हणून पाहिलं, आई म्हणाली घसा धरलाय. वॉचमन तुला बघून उठतो आणि मला ओळखपत्र मागतो, मेला. तू कप दोन्ही हातांनी धरतेस, मीही तसा धरून पाहिला तर मला चटका बसला. तुझं अक्षर. तू उशिरा आलीस तरी मॅडम रागवत नाहीत. तू वर्गात नसलीस की सगळे विचारतात उशी कुठंय, मी तापाने आठवडाभर घरी होते तर कुणाला पत्ता नव्हता. नाटिकेत तुझी फजिती झाली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी घरी नक्कल केली. मला तुझं सगळंच हवं होतं. छत्री देऊन भागलं नसतं.

मामी तोंड उघडं ठेवून ऐकत होत्या. उशीसुद्धा ऐकत होती, पण नेहमीसारखं नाही. भुवया वर गेल्या होत्या. कुणीतरी भलत्याच बाईचं वर्णन करतंय आणि ती बाई कोण हे तिला कळत नाहीये, असा चेहरा झाला होता.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय मग? सांगितलं सगळं."

"अजून सांग."

मॅडम आल्या तेव्हा चष्मेवाली उशीच्या केसांपर्यंत पोचली होती.

त्या बोलण्याने उशी बरी झाली असं कुणी समजू नये. तेवढ्याने कुणी बरं होत नाही. तिला डॉक्टरांनी बरं केलं, गोळ्यांनी केलं, दर आठवड्याच्या भेटींनी केलं, गावाहून येऊन राहिलेल्या आईने केलं, आणि त्यातही दोनदा तब्येत पुन्हा मागे घसरली. सहा महिने तिने कॉलेज सोडलं. त्या संध्याकाळचं काम एवढंच होतं, की मॅडम येईपर्यंतचा वेळ गेला.

वर्गाला बातमी कळली तेव्हा सगळे आधी दुखावले. "आम्हाला का नाही सांगितलं?" असं जो तो म्हणाला. सांगितलं होतं की, भर वर्गात, हे मॅडमनीच त्यांना ऐकवलं. "आणि मीही टाळ्या वाजवल्या," त्या म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. वकील त्या दिवसापासून हक्काबद्दल बोलायचा थांबला. सगळ्यांनी मिळालेल्या वस्तू परत नेऊन दिल्या. वॉचमन रेडिओ घेऊन स्वतः मामींच्या घरी गेला. पुढेही सगळे तिला भेटायला जायचे, फुलं न्यायचे, मॅडम तिचा हात हातात घेऊन बसायच्या. चष्मेवाली कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची आणि तिला पुन्हा पोटात दुखायचं. आजारी पडावं तर हिनेच पडावं.

खुर्ची तिला मिळाली. कँटीनमध्ये व्हायची ती कुजबुजही झाली. तिने ती ऐकली आणि खुर्चीत जाऊन बसली. तिच्या आवाजाबद्दल समुपदेशकांची तक्रार असायची, की फार मोठा आहे. पण तो शब्द ती आता कधी टाळत नसे. दुकानातल्या आवाजात सरळ विचारायची, आणि पलीकडचा माणूस क्षणभर थांबून बहुधा बोलायला लागायचा.

उशी परत आली तोवर वर्गाची परीक्षा होऊन गेली होती. तिला ते सत्र नव्या मुलांबरोबर करायचं होतं. चष्मेवाली फोनच्या खोलीत मदतनीस म्हणून राहिली होती. नव्या वर्गाचा पहिला सराव होता तेव्हा ती मुद्दाम वर जाऊन मागच्या बाकावर बसली.

खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. "फोन करणारं कोण होतंय?" मॅडमनी विचारलं. उशीने हात वर केला. मॅडम थबकल्या. त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं, चष्मेवालीने उशीकडे पाहिलं. उशीने होकाराची मान हलवली. मॅडमनी तिच्या कानात भूमिका सांगितली.

उशी बसली. घसा खाकरला. "हॅलो," पाढे म्हणावेत तशी ती म्हणाली. "मी एक वृद्ध गृहस्थ आहे. मला फार म्हणजे फारच दुःख झालेलं आहे." तिने कपाळावर हात मारला. मग हात मारल्याचं फोनवर दिसत नाही हे आठवून तो खाली घेतला. पुढचं आठवेना. "हाय रे देवा," ती म्हणाली, आणि फसकन हसली. "सॉरी. पुन्हा करू?"

नवी मुलं ओठ दाबून एकमेकांकडे बघत होती. इतकं वाईट काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मागच्या बाकावर टाळ्या सुरू झाल्या. एकटीच्या, मोठ्या, आणि थांबता थांबेनात. सगळा वर्ग मागे वळून बघू लागला. चष्मेवाली उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

तास संपल्यावर नव्या मुलींनी उशीभोवती कोंडाळं केलं. चष्मेवाली दारात उभी राहून तिची वाट बघत होती. "आत्ताच आली आणि लगेच सगळ्या हिच्याभोवती," ती पुटपुटली. जिना उतरताना उशीने विचारलं, "काय म्हणालीस?"

"काही नाही. चल."